घर आणि सृष्टि : मधमाशांची नाडीपरीक्षा

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे दिवस आले, कीं पुण्याच्या आकाशांत एक पाहुणी फौज उतरते. बहुतेकांच्या तें ध्यानींहि येत नाहीं. एखाद्या दुपारीं डोक्यावरून घूं घूं असा आवाज जातो, काळसर ढगाचा तुकडा वाट चुकून खालीं आल्यासारखा दिसतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं एखाद्या उंच इमारतीच्या सज्जाखालीं हातभर लांबीचें आग्यामोहोळ लोंबत असतें. मग त्या घरांत, त्या आळींत, हल्लींच्या भाषेंत त्या सोसायटींत, एकच चर्चा सुरू होते : ह्यांचें करावयाचें काय?

ह्या सदराच्या वाचकांपैकीं अनेकांवर हा प्रसंग आला असेल किंवा येईल. म्हणून मधमाशांचें आरोग्य हा आजचा विषय घेतला आहे. परंतु त्याची सुरुवात मला स्वतःच्या एका अपराधापासून केली पाहिजे; तो लपवून पुढचें कांहीं सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. एरंडवण्यांत आम्हां तीन भावांचें एकत्र घर आहे. दादा, थोरल्या वहिनी, आम्ही दोघे धाकटे, सुना, मुलें, असा बारा-तेरा माणसांचा पसारा. त्या वर्षीं कार्तिकांत तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखालीं मोहोळ लागलें. आठ दिवस कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. नवव्या दिवशीं रात्रीं दिव्याच्या उजेडाला भुलून पांच-सात माशा स्वयंपाकघरांत शिरल्या, धाकट्या पुतण्याच्या हाताला डंख झाला, आणि सारें घर हादरलें. दादा म्हणाले, "घरांत लहान मुलें आहेत. उद्यांच्या उद्यां ह्याचा निकाल लावा." काम माझ्याकडे आलें. मीं फवारा मारणाऱ्या एका माणसाला बोलाविलें, पैसे दिले, आणि तासाभरांत निकाल लागला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थोरल्या वहिनींनीं अंगण झाडलें, तेव्हां मेलेल्या माशांनीं दोन सुपल्या भरल्या. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवशीं तुळशीला पाणी घातल्यावर त्या नेहमींपेक्षां अधिक वेळ तेथेंच उभ्या होत्या.

रिकामें पोळें तसेंच लोंबत राहिलें. त्यांत मध होता. मुलांनीं तो मागितला, आणि तो न देण्याइतकी अक्कल आम्हांला होती. परंतु मुलांना जें सांगतां येतें तें माशांना कोण सांगणार? शेजारच्या गच्चीवर एका निवृत्त शिक्षकांच्या, आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतों, सातेरी माशांच्या चार पेट्या होत्या. बेवारशी पोळ्याचा वास लागला म्हणजे आसपासच्या वसाहतींच्या माशा तें लुटावयास येतात. हा त्यांचा स्वभावच आहे. मास्तरांच्या माशा आल्या, विषारी मध पोटांत भरून घरीं घेऊन गेल्या. आठवड्याच्या आंत चारांपैकीं तीन पेट्या ओस पडल्या.

मास्तर भांडावयास आले नाहींत. त्यांनीं भांडावें असें मला त्या वेळीं फार वाटलें. भांडणानें मन मोकळें तरी होतें. पंधरा दिवसांनीं ते जिन्यांत भेटले आणि म्हणाले, "परवां सकाळीं मोकळे आहांत ना? माझ्याबरोबर गणेशखिंड रस्त्यावर चला. मधमाशांच्या आरोग्यावर तज्ज्ञांचें व्याख्यान आहे. मधपाळांसाठीं आहे, पण तुम्हांलाहि ऐकावयास हरकत नाहीं." नाहीं म्हणण्यास मला तोंड नव्हतें.

गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, हें पुण्यांत जन्म घालविलेल्या मलाहि तोंवर ठाऊक नव्हतें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें ती १९६२ सालीं स्थापन केली. पुणेंच कां, ह्याचें उत्तर आपल्या सह्याद्रींत आहे. महाबळेश्वरच्या डोंगरांत १९४६ पासून सरकारी पाठबळानें पेटींतल्या माशा पाळण्याचा उद्योग रुजत गेला. जांभूळ, हिरडा, गेळा ह्यांच्या फुलोऱ्यावर आणि सात-आठ वर्षांनीं एकदां सारे डोंगर जांभळे करणाऱ्या कारवीवर तेथील वसाहती पोसल्या. त्याच तालुक्यांतील मांघर ह्या लहानशा गांवाला २०२२ च्या मे महिन्यांत देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून मान मिळाला. पुढें कोल्हापूर जिल्ह्यांतील भुदरगड तालुक्याचें पाटगांवहि त्या पंक्तींत बसलें. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशीं आहे. आपण मात्र बाटली विकत आणण्यापलीकडे तिची चौकशी करीत नाहीं.

व्याख्यानाला मावळ, मुळशी, भोर, जुन्नर अशा ठिकठिकाणचे चाळीसेक मधपाळ जमले होते. कोणी धोतरटोपींतले, कोणी कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले. कांद्याचें बियाणें करणारे दोन शेतकरी. आणि एक वृद्ध बाई, ज्यांनीं नवऱ्याच्या मागें त्याच्या पेट्या सांभाळल्या होत्या. वक्त्यांनीं आरंभींच सांगितलें, कीं औषधांचीं नांवें मी शेवटीं सांगेन. आधीं पेटी कशी पाहावी तें सांगतों, कारण ज्याला पाहतां येतें त्याला औषध फारसें लागत नाहीं. हें ऐकून मला माझ्या आजीच्या वैद्यांची आठवण झाली. तेहि पुडी काढण्यापूर्वीं रोग्याकडे बराच वेळ नुसते पाहत बसत.

पुढें जाण्यापूर्वीं आपल्याकडील माशांची ओळख करून घेऊं, कारण 'मधमाशी' ह्या एका शब्दाखालीं आपण निरनिराळ्या बिऱ्हाडांना कोंबतों. आग्या ही सर्वांत मोठी. तिचें एकच उघडें पोळें कड्याला, उंच झाडाला किंवा इमारतीला लोंबतें, आणि ती ऋतूप्रमाणें स्थलांतर करिते. तिला पेटींत कोंडतां येत नाहीं. फुलोरी ही लहान. झुडपाच्या फांदीभोंवतीं तळहाताएवढें एकच पोळें बांधिते. सातेरी ही झाडाच्या ढोलींत, भिंतीच्या पोकळींत, अंधारांत, एकापुढें एक अशीं अनेक पोळीं बांधून राहते. म्हणूनच ती पेटींत नांदते. डंखहीन माशी तर डासापेक्षां फारशी मोठी नसते, आणि तिचा मध अगदींच थोडा. ह्या आपल्या घरच्या. पांचवी मेलिफेरा, ती युरोपांतील. १९६० नंतरच्या दशकांत पंजाब-हिमाचलाकडे नगरोटा येथें तिला इकडे यशस्वीपणें रुजविण्यांत आलें, आणि आज बाजारांतील बहुतांश मध तिचाच असतो. सातेरीची पेटी वर्षाला साधारणतः पांच ते दहा किलो मध देते. मेलिफेरा त्याच्या तिप्पट-चौपट. परंतु उत्पन्नाचा हा हिशेब आरोग्याच्या हिशेबापुढें कसा बदलतो, तें पुढें येईलच.

आतां नाडीपरीक्षा. तिचा पहिला भाग पेटी न उघडतांच करावयाचा. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास पेटीच्या बाजूला, दाराची वाट न अडवितां, पांच मिनिटें बसावें. परत येणाऱ्या माशांच्या मागील पायांवर परागाच्या पिवळ्या-नारिंगी गोळ्या असल्या, तर आंत पिल्लें आहेत आणि राणी अंडीं घालीत आहे असें समजावें; कारण पराग हा मुख्यतः पिल्लांचा घांस. दारांत झटापट दिसली, तर लुटारू आले आहेत. दाराखालीं मेलेल्या अळ्या टाकलेल्या दिसल्या, तर आंत आजार आहे. माशा आपलें घर स्वतः झाडतात आणि मृतांना बाहेर काढतात. मग पेटी मागून दोन बोटांनीं किंचित् उचलून पाहावी; वजनावरून शिधा कळतो.

"आणि," वक्ते म्हणाले, "पेटीपुढें माशा थरथरत, गिरक्या घेत फिरत असल्या, मेलेल्यांची जीभ लांब बाहेर आलेली दिसली, तर तो रोग नव्हे. तें विष."

मास्तर समोर पाहत होते. मीं मान खालीं घातली. अंगणांतल्या त्या दोन सुपल्यांतील माशांकडे मीं वांकून पाहिलें नव्हतें. परंतु त्या क्षणीं मला त्या नीट दिसल्या.

परीक्षेचा दुसरा भाग पेटी उघडून. ही पेटी म्हणजे अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या निरीक्षणाचें फळ आहे. दोन पोळ्यांमध्यें ठराविक अंतर, त्याच्या मापानें पाऊण बोटाहूनहि कमी, ठेवलें तर माशा तें मेणानें बुजवीत नाहींत, जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळें ठेवितात, हें त्यानें १८५१ सालीं हेरलें. तेव्हांपासून चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढून पाहतां येऊं लागली आणि मध काढण्यासाठीं पोळें पिळून पिल्लें मारण्याची गरज उरली नाहीं. चौकट उन्हाकडे धरून पाहावी. घरकुलाच्या तळाशीं एकेकच अंडें उभें दिसावें. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, कोयरीसारख्या वळून पडलेल्या असाव्यात. झांकलेलीं घरें चटईसारखीं सलग असावींत. चटईच्या जागीं चाळणी दिसली, म्हणजे एक झांकलेलें, दोन रिकामीं, तर संशय घ्यावा.

संशय कशाकशाचा? वक्त्यांनीं सर्वाधिक वेळ दिला तो 'सॅकब्रूड' ह्या विषाणुजन्य आजाराला, कारण तो आपल्या सातेरीचा काळ आहे. ह्यांत अळी कोषांत जाण्याच्या सुमारास मरते. तिची कातडी पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी होते, डोकें वर उचललेलें राहतें, आणि चिमट्यानें उचलली तर ती सबंध पिशवी बाहेर येते. ह्याचा एक प्रकार १९७६ सालीं थायलंडांत आढळला, आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेंत पोंचला. केरळ, तमिळनाडु आणि कर्नाटक ह्या प्रांतांत दहांतील नऊ वसाहती त्यानें झोपविल्या. हजारों कुटुंबांचा जोडधंदा दोन हंगामांत बुडाला. विषाणूवर औषध नाहीं. मग त्या वसाहती पुन्हा उठल्या कशा? ज्या थोड्या वसाहती आपल्या बळावर तगल्या, त्यांच्याच राण्यांपासून पुढची पैदास झाली. म्हणून आजहि उपाय हेच : रोगट पेटींतील चौकट निरोगी पेटींत घालूं नये, कांहीं दिवस राणीला वेगळें ठेवून अंडीं घालणें थांबवावें, म्हणजे विषाणूला नवें पिल्लू मिळत नाहीं, आणि जी वसाहत पुन्हा पुन्हा आजारी पडते तिच्या राणीची पैदास वाढवूं नये.

दुसरा आजार जंतूंचा. युरोपीय फौलब्रूड ह्या नांवाचा हा रोग सातेरींत आढळल्याची नोंद १९७१ सालीं झाली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रांतील वसाहतींवरून. ह्यांत अळी लहानपणींच मरते. रंग पांढऱ्याचा पिवळा, मग तपकिरी होतो. आंबट वास येतो. येथें मोह असा होतो, कीं माणसांचें प्रतिजैविक औषध साखरेच्या पाकांत मिसळून द्यावें. त्याचे अंश मधांत उतरतात. तो मध पुढें आपल्याच मुलांच्या वाटींत येतो. जुनीं काळीं पोळीं काढून टाकणें, वसाहतीला भरपूर खाद्य देणें, राणी बदलणें, हा मार्ग सावकाशीचा पण घरंदाज आहे.

तिसरा शत्रु मेणकिडा. हा रोग नव्हे, चोर आहे. आणि तो दुबळ्याच घरांत शिरतो. पतंग फटींत अंडीं घालतो, त्याच्या अळ्या पोळ्यांत बोगदे करून जाळीं विणतात, आणि शेवटीं माशा घर सोडून जातात. नवखा मधपाळ म्हणतो, मेणकिड्यानें वसाहत मारली. अनुभवी विचारतो, ती आधीं दुबळी कां झाली होती? तळाचा पाट दर आठवड्याला झाडावा, माशा जितक्या चौकटी झांकूं शकतात तितक्याच आंत ठेवाव्यात, बाकीच्या काढून घ्याव्यात. बारा माणसांच्या वाड्यांत दोनच माणसें उरलीं म्हणजे कोपऱ्यांत वाळवी लागते, तसाच हा प्रकार.

आणि आतां ती गोष्ट, जी ऐकून सभागृह अगदीं शांत झालें. वरोआ नांवाचा गोचिडीच्या जातीचा, मोहरीच्या दाण्याएवढा, तांबूस जीव आहे. १९०४ सालीं जावा बेटांत त्याची प्रथम शास्त्रीय नोंद झाली, ती सातेरीच्याच जातीच्या माशांवर. म्हणजे हा आपल्या माशांचा जुना भाडेकरू. हजारों वर्षांच्या सहवासांत सातेरीनें त्याच्याशीं एक करार केला आहे. सातेरीच्या वसाहतींत तो वाढतो फक्त नरांच्या घरकुलांत; कामकऱ्यांच्या घरकुलांत त्याची वीण होत नाहीं. अंगावर चढला तर माशा एकमेकींना साफ करितात. आणि एखाद्या नराच्या घरांत फारच दाटी झाली, तर तो दुबळा नर जाड झांकण फोडूं शकत नाहीं. माशाहि तें उघडीत नाहींत. नर आणि वरोआ दोघेहि तेथेंच गाडले जातात. एकाच्या नाशानें घर वांचतें.

पुढें विसाव्या शतकांत माणसानें मेलिफेराच्या पेट्या सातेरीच्या मुलखांत आणल्या, आणि वरोआची एक जात नव्या यजमानाकडे गेली. मेलिफेराला ह्या पाहुण्याची रीत ठाऊक नव्हती. तेथें तो कामकऱ्यांच्या घरांतहि वाढूं लागला, विषाणु पसरवूं लागला, आणि पेट्यांबरोबर साऱ्या पृथ्वीवर गेला. शास्त्रज्ञांनीं २००० सालीं त्या जातीला नांव दिलें तें 'विनाशक' अशाच अर्थाचें. ऑस्ट्रेलिया तेवढा सुटला होता. २०२२ सालीं तेथेंहि तो सांपडला, आणि हजारों पेट्या नष्ट करूनहि पुढच्या वर्षीं त्या सरकारला उच्चाटनाचा नाद सोडावा लागला. आतां वाचकांनींच हिशेब करावा. तिप्पट मध देणारी माशी दरसाल औषधोपचार मागते. थोडा मध देणारी आपली सातेरी तोच शत्रु अंगणांत वागवून नांदते. मेलिफेरा पाळूंच नये असा ह्याचा अर्थ नाहीं. पुष्कळांचें पोट तिच्यावर आहे. परंतु डोंगराकडेच्या घरीं दोन पेट्या ठेवावयाच्या असतील तर पहिला मान सातेरीचा, असें वक्त्यांचें मत पडलें, आणि मलाहि तें पटलें.

दुपारच्या सत्रांत भूक आणि विष हे दोन विषय झाले. भूक अशी, कीं आपल्याकडे माशांचा दुष्काळ उन्हाळ्यांत नसून पावसाळ्यांत असतो. आषाढ-श्रावणांत फुलें भिजलेलीं, उडणें अशक्य. तेव्हां साखरेचा पाक संध्याकाळीं पेटीच्या आंत द्यावा, बाहेर सांडूं नये, नाहींतर लुटारू येतात. परंतु फुलोऱ्याच्या दिवसांत पाक देऊं नये. कारण तेव्हां दिलेला पाक मधाच्या कोठींत जातो, आणि मधपाळ नकळत भेसळ करणारा ठरतो. त्या वृद्ध बाई येथें उठून म्हणाल्या, "आमच्याकडे पावसाळ्यांत मी निम्मा मध त्यांना ठेवतें. पाक कशाला? त्यांचंच त्यांना." वक्त्यांनीं हात जोडले आणि म्हणाले, "बाई, ह्याहून चांगलें उत्तर माझ्यापाशीं नाहीं."

विषाचा विषय कांद्याच्या बियाण्यावाल्यांनीं काढला. कांद्याच्या फुलांत पराग आधीं सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाहीं, दुसऱ्या फुलाचा कोणीतरी आणून द्यावा लागतो. तें काम माशांचें. माशा नसल्या तर गोंडे फुलतात पण बीं भरत नाहीं. तेव्हां हे शेतकरी भाड्यानें पेट्या आणतात, आणि शेजारचाच शेतकरी भर दुपारीं फुलोऱ्यावर फवारा मारतो. उपाय कठीण नाहीं. फुलोऱ्यांत शक्यतों फवारूं नये. फवारावेंच लागलें तर सूर्यास्तानंतर. आणि आदल्या दिवशीं मधपाळाला निरोप द्यावा. वक्ते म्हणाले, कीं मधमाशांच्या आरोग्याचें सर्वांत स्वस्त औषध म्हणजे हा निरोप. मला मास्तरांची गच्ची आठवली. आमच्या जिन्यापासून ती वीस पावलांवर आहे. मीं निरोप दिला असता, तर त्यांनीं दोन दिवस पेट्या उचलून दुसरीकडे नेल्या असत्या, किंवा मलाच थांबविलें असतें.

आतां आपल्या घरापुरत्या चार गोष्टी सांगतों. त्या आमच्या भगिनींनीं विशेष ध्यानांत घ्याव्यात.

पहिली, आग्यामोहोळाची. ही माशी भोळी नव्हे. चवताळली तर जिवावर बेतते, हें खोटें नाहीं. मोहोळाखालीं धूर, फटाके, दगड, उग्र अत्तरें ह्यांची मनाई असावी. आग्या उजेडाला भुलते, म्हणून त्या बाजूचा दिवा रात्रीं मालवावा आणि खिडकीला जाळी लावावी. मोहोळ उंचावर, माणसांच्या वाटेपासून दूर असेल, तर तें राहूं द्यावें. फुलोरा सरला कीं त्या आपण होऊन जातात. शाळेच्या दारावर, जिन्यावर, आजाऱ्याच्या खिडकीशीं असेल, तर न मारतां मोहोळ हलविणाऱ्या जाणत्या माणसांना बोलवावें. स्वतः काठी घेऊन जाऊं नये, आणि विषाचा फवारा तर नकोच. डंख झालाच तर कांटा नखानें ताबडतोब खरवडून काढावा. विलंब लागेल तितकें विष अधिक उतरतें. श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा पुष्कळ डंख झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें.

दुसरी, तान्ह्या मुलांची. आपल्या घरांत जन्मलेल्या बाळाला मध-तूप चाटविण्याची रीत आहे. रीतीमागील भाव मोठा आहे; परंतु एक वर्षाच्या आंतील मुलाला मधाचें बोटहि देऊं नये, असें आजचें वैद्यक निश्चयानें सांगतें. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं सुप्त बीजें असतात. मोठ्यांना त्यांची बाधा होत नाहीं, पण तान्ह्याच्या आंतड्यांत तीं रुजून विष निर्माण करितात, आणि बाळ लुळें पडतें. मध शुद्ध असला, घरच्या पेटीचा असला, तरीहि हा नियम. आमच्या घरीं गेल्या बारशाच्या वेळीं वहिनींनीं मधाची वाटी देवापुढें ठेविली आणि बाळाच्या ओठाला लाविली नाहीं. विधि अपुरा राहिला असें कोणालाहि वाटलें नाहीं.

तिसरी, मध गोठण्याची. थंडींत मध साखरेसारखा दाणेदार झाला म्हणजे भेसळ, असा समज घरोघर आहे. तो चुकीचा आहे. कित्येक फुलांचा अस्सल मध लवकर गोठतो. बरणी कोमट पाण्यांत ठेवावी. मध चुलीवर उकळूं नये. पाण्यांत थेंब सोडणें, कागदावर ठेवणें, काडी पेटवून पाहणें, ह्या परीक्षांनींहि भेसळ उमगत नाहीं. २०२० सालीं दिल्लीच्या एका संस्थेनें तेरा नांवाजलेल्या मधांची तपासणी करविली तेव्हां दहा अनुत्तीर्ण ठरले. साखरेचे पाक आतां साध्या कसोट्या चुकवितील असेच बनविलेले असतात. घरच्या माणसाला एकच खात्रीचा मार्ग : ज्याच्या पेट्या पाहिल्या आहेत अशा मधपाळाकडून घ्यावा, आणि पोळ्याचीं घरें मेणानें झांकल्यावर काढलेला पक्का मध मागावा. कच्चा मध पातळ असतो आणि आंबतो.

चौथी, गच्चींतल्या वेलाची. दुधी, भोपळा, काकडी ह्यांचीं नरफुलें वेगळीं आणि मादीफुलें वेगळीं. कोंवळें फळ पिवळें पडून गळतें तेव्हां आपण खताला दोष देतों. पुष्कळदां तेथें माशी आलेली नसते. गच्चीवर तुळस, सब्जा, फुलावर आलेली कोथिंबीर, आणि पसरट ताटलींत खडे घालून थोडें पाणी, एवढी व्यवस्था केली तरी पाहुण्या येतात.

व्याख्यान संपल्यावर परततांना मीं मास्तरांना म्हटलें, "मला क्षमा मागावयाची आहे." ते म्हणाले, "माझ्याकडे कशाला? आणि ज्यांच्याकडे मागावी त्यांना ती कळणार नाहीं. पुढच्या कार्तिकांत काय करतां तें पाहूं."

पुढचा कार्तिक आला, आणि त्याच सज्जाखालीं, त्याच जागीं, मोहोळ लागलें. आग्या जुन्या जागा ओळखून परत येतात. परंतु आम्हीं मारलेल्यांतील कोणीहि हीं माहिती सांगावयास उरली नव्हती. ह्या निराळ्या असाव्यात. त्या रात्रीं जेवणानंतर घरांत सभा भरली. दादांचें मत बदललें नव्हतें. नातवंडांची काळजी त्यांनीं करावी हेंहि योग्यच. मीं जें ऐकलें होतें तें सांगितलें. दादा बराच वेळ गप्प राहिले. शेवटीं थोरल्या वहिनी म्हणाल्या, "ती खोली मुलांची आहे. मुलांना आमच्या खोलींत घेतें. चार महिन्यांचा प्रश्न आहे." घरांतला मोठा प्रश्न बहुधा असाच सुटतो; कोणीतरी आपली खोली देतें.

त्या बाजूचा दिवा आम्हीं काढला, खिडकीला जाळी लाविली, आणि मोहोळ राहिलें. चैत्र-वैशाखांत त्याचा आकार वाढून दोन हात झाला. कोणालाहि डंख झाला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. मला स्वतःला एकदां झाला, आणि तो मीं निमूटपणें घेतला. ज्येष्ठांत पहिला वळीव पडल्यावर एका सकाळीं पाहतों तों पोळें रिकामें. जातांना त्या मध नेतात, मेणाचा पिंवळा पडदा तेवढा मागें ठेवितात.

मास्तरांच्या गच्चीवर आतां पुन्हा तीन पेट्या आहेत. एकटी उरलेली वसाहत त्यांनीं दोन हंगाम सांभाळून तिच्यापासूनच त्या वाढविल्या. दर रविवारीं सकाळीं माझा धाकटा पुतण्या, ज्याला प्रथम डंख झाला होता तोच, तेथें पेटीच्या बाजूला पांच मिनिटें बसून येतो आणि घरीं येऊन सांगतो, आज पराग पिंवळा होता, आज नारिंगी. कोणत्या फुलाचा, तें मला अजून ओळखतां येत नाहीं. त्याला येतें.